भंडारीचाचांची फसलेली क्रांती

रशियाचा झार नेमका कशामुळे पडला, हे जगात फक्त दोन माणसांना पक्कं ठाऊक होतं. त्यांतला एक ओदेसाच्या बंदरात कधीच अल्लाला प्यारा झाला होता आणि दुसरा आमच्या जुबैलच्या लेबर कँपात तीनशे माणसांची डाळ शिजवत होता. प्राध्यापक मंडळींनी या विषयावर जाडजूड ग्रंथ लिहिलेत म्हणे. लिहू देत. त्यांच्यापैकी एकाने तरी आयुष्यात एकदम तीनशे माणसांची डाळ शिजवली आहे का, असा चाचांचा साधा सवाल होता. आणि ज्याने शिजवली नाही त्याने राज्य कसं उभं राहतं आणि कसं कोसळतं यावर तोंड उघडू नये, असा त्याहून साधा निकाल.

चाचा रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे. मिसरूड फुटायच्या आत बोटीवर चढले आणि पंचवीस वर्षं मालवाहू जहाजांवर भंडारी होते. जहाजावर स्वयंपाक्याला भंडारी म्हणतात. पुढे समुद्र सोडून ते सौदीत आले, पासपोर्टवर ‘कुक’ असा शिक्का बसला, पण त्या नावाने हाक मारलेली त्यांना ऐकूच येत नसे. नव्याने आलेल्या एका पोराने लाडात येऊन “कुकचाचा” म्हटलं तेव्हा त्याला सलग चार दिवस भाताच्या तळाची खरपुडी मिळाली. पाचव्या दिवशी तो “भंडारीचाचा” म्हणाला आणि ताटात मऊ भात पडला. त्यांच्या राज्यात शिक्षा होती, पण तिची मुदत माणसाच्या स्वतःच्या हातात होती.

तर हे चाचा तरुण असताना त्यांच्या जहाजाचा बॉयलर बिघडला आणि जहाज ओदेसाच्या बंदरात सतरा दिवस अडकून पडलं. सतरा दिवस! तेवढ्या भांडवलावर चाचा जन्मभर रशियाचे जाणकार म्हणून वावरले. बंदरावर एक म्हातारा, बोळक्या तोंडाचा, लंगडा रशियन आचारी होता. त्याला चाचांची भाषा येत नव्हती आणि चाचांना त्याची. दोघांमध्ये सामाईक असं काही असेल तर कांदा. पण समोरासमोर बसून कांदे सोलता सोलता त्या म्हाताऱ्याने अख्खी रशियन राज्यक्रांती हातवाऱ्यांनी सांगितली आणि चाचांनी ती डोळ्यांतलं पाणी पुसत पुसत समजून घेतली. पळी म्हणजे झारचा राजदंड, पातेल्यावरचं झाकण म्हणजे मुकुट, उकळी फुटून झाकण खाली पडलं की क्रांती. या पद्धतीत थोडेफार घोटाळे व्हायचेच. झार एका पायाने अधू होता असं चाचा कित्येक वर्षं मानत होते. म्हातारा स्वतः लंगडत होता, हे त्यांच्या ध्यानात फार उशिरा आलं. ध्यानात आल्यावरही त्यांनी झारचा पाय बरा केला नाही. “आता कशाला? लोकांना सवय झालीये,” म्हणाले.

ही क्रांती आम्हाला दर शुक्रवारी ऐकायला मिळे. शुक्रवार सुट्टीचा. जुम्म्याची नमाज व्हायची, मेसमध्ये मटण व्हायचं, मग स्टीलच्या पेल्यांतून चहा आणि मग मेसचं दार आतून लावून चाचा बाकावर चढायचे. दार लावायचं कारण उघड आहे. राजाच्या देशात बसून राजा पडल्याची गोष्ट सांगायची म्हणजे विमानाच्या तिकिटाची वेगळी व्यवस्था करायला नको. म्हणून चाचांनी अख्ख्या रशियाचं कोकण करून टाकलं होतं. झारचा झाला खोत. झारीण ती खोतीण. तिच्यावर मोहिनी घालणारा तो दाढीवाला साधू नुसता ‘बुवा’. आणि परदेशातून सीलबंद रेल्वेडब्यातून परत आलेला क्रांतीचा पुढारी म्हणजे ‘टकलू वकील’. वकिलाबद्दल चाचांना आदर होता, पण तो मुख्यतः डब्यासाठी. “सीलबंद डब्यातून आला म्हणून टिकला रे! उघड्यावर आला असता तर सीमेवरच नासला असता.”

चाचांचा इतिहास पोटातून चाले. खोत वाईट नव्हता, हे ते आवर्जून सांगत. बायकोवर जीव, पोरांवर जीव, रोज न चुकता डायरी लिहायचा. फक्त त्याला भूक लागत नसे. “ज्याला भूक लागत नाही त्याला रांग कळत नाही,” चाचा पळी उगारून सांगायचे. “बाहेर बर्फात बायका पावासाठी रांगेत उभ्या. पहाटेपासून उभ्या. दुपारी दुकानदार फळी लावतो आणि म्हणतो, खलास! काय म्हणतो?” तीनशे माणसं ओरडायची, “खलास!” हा शब्द आम्हाला सौदीतल्या प्रत्येक खिडकीवर रोज ऐकावा लागत असल्यामुळे आमच्या ओरडण्यात अभिनय नसे. “मग बायका रांगेतनं बाहेर पडल्या. सरळ रस्त्यावर. खोताने घोडेस्वार पाठवले. घोडेस्वार आले, बायकांकडे बघितलं, आणि त्यातल्या एकाने…” इथे चाचा थांबायचे, सगळ्या मेसवरून नजर फिरवायचे आणि डावा डोळा मिचकवायचे. “डोळा मारला! बस्स. फौजेने डोळा मारला की राज्य गेलं समजायचं.” मग खोत रेल्वेच्या डब्यात बसून राज्य सोडल्याच्या कागदावर सही करायचा, तीही पेन्सिलीने. मग हंगामी सरकार यायचं. हंगामी सरकार म्हणजे, चाचांच्या शब्दांत, मुख्य भंडारी सुट्टीवर गेल्यावर बदली आलेला माणूस: त्याला मसाल्याचा डबा कुठाय हेच माहीत नसतं. आणि शेवटी टकलू वकिलाची माणसं खोताच्या महालात शिरायची आणि तळघरात सापडलेलं ‘सरबत’ आठ आठ दिवस पीत बसायची. सौदीत त्या पेयाचं दुसरं नाव घेणं शक्य नव्हतं. पण चाचा सरबत म्हणताना असा काही घोट गिळायचे की निम्म्या मेसला ठसका लागे.

मी त्या कँपात टाइमकीपर होतो. कोण किती वाजता कामावर आला, किती वाजता गेला याची कार्डं सांभाळायची, हे माझं काम. तारखांशी लग्न लागलेला माणूस मी. त्यामुळे ऑक्टोबरची क्रांती नोव्हेंबरात झाली हे मला काही केल्या पचेना. “चाचा, असं कसं होईल?” तर म्हणाले, “टायमकीपर, ज्या देशात ऑक्टोबर नोव्हेंबरात उगवतो तिथला राजा वेळेवर जागा कसा होणार, तूच सांग.” सौदीत आमच्याच भिंतीवरचं इंग्रजी कॅलेंडर एक महिना सांगत होतं आणि अरबी कॅलेंडर भलताच, तेव्हा मी आपला माझ्या कार्डांकडे वळलो.

आता तुम्हाला वाटेल, असा हा क्रांतिकारक म्हणजे वाघ असणार. छे! बोलताना वाघ, पण मुदीर दिसला की गडी लगेच उभा. मुदीर म्हणजे आमच्या कँपाचा मॅनेजर, लेबनॉनचा, गोरापान, खिशात रेशमी रुमाल. त्याचं जेवणही चाचांच्याच चुलीवरून जायचं. चाचांचा नियम असा की शुक्रवारी मटणाचे तुकडे माणशी तीन. तराजू नाही, मोजणी नाही, पळी आत गेली की तीन घेऊनच वर येणार. पहिल्याच शुक्रवारी मुदीरच्या ट्रेमध्येही तीनच गेले. तो रुमालाने ओठ टिपत किचनमध्ये आला आणि म्हणाला, इतकेच? चाचा ताठ उभे राहून म्हणाले, “साब, मटन सबका बराबर है.” मुदीर हसला आणि गेला. त्यानंतर चाचा दिसेनात. अर्ध्या तासाने सापडले ते डीप फ्रीझरच्या मागे, हातात तसबीहची माळ, ओठ हलतायत. “गेला का रे तो?” एवढंच विचारलं. पण तुकडे मात्र पुढेही तीनच राहिले, हेही सांगून टाकतो.

नव्वदच्या ऑगस्टात शेजारच्या कुवेतमध्ये इराकची फौज घुसली आणि आमच्या गावाचा चेहरा बदलला. बंदरात अमेरिकन जहाजं, रस्त्यावर रणगाड्यांच्या रांगा, बाजारात चिकटपट्टी मिळेनाशी झाली कारण सगळ्यांनी ती खिडक्यांना लावली. ज्यांचे पासपोर्ट स्वतःकडे होते ती मंडळी जेद्दाकडे किंवा थेट घरी निघून गेली. आमचे पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत. जानेवारीत लढाई पेटली आणि भोंगे वाजायला लागले. भोंगा वाजला की क्षेपणास्त्र येतंय असं समजायचं, आणि त्यात विषारी वायू असला तर तोंडाला मास्क पाहिजे. स्टाफ कॉलनीत राहणाऱ्या साहेबलोकांना मास्क वाटले गेले. आम्हा तीनशे जणांसाठी काय, असं विचारलं की मुदीर रुमाल हलवून म्हणायचा, “ऑर्डर दिली आहे, इन्शाल्ला.” आठवडाभर ती ऑर्डर इन्शाल्लावरच थांबलेली होती. भोंगा वाजला की आम्ही बनियन ओले करून नाकाला लावायचो आणि एकमेकांकडे बघायचो. हसू यायचं, पण ते नाकातच राहायचं.

आमच्यात सावंत नावाचा एक इलेक्ट्रिशियन होता, माणगावकडचा. शुक्रवारच्या गोष्टीत मध्येमध्ये टोकण्याचं खातं त्याच्याकडे होतं. एक दिवस मेसमध्ये तो उठला आणि चाचांसमोर जाऊन उभा राहिला. “चाचा, या कँपात क्रांतीतला जाणकार माणूस एकच. मास्क मिळेपर्यंत साइटवर जायचं नाही, असं ठरवू. पुढे तुम्ही व्हा.”

चाचांचा चेहरा उतरला. इथे काम बंद करणं म्हणजे काय, हे सगळ्यांना माहीत होतं. पुढे होणाऱ्याच्या पासपोर्टवर त्याच संध्याकाळी खलासचा शिक्का. चाचांचे चारसहा महिने राहिले होते, मग मिळायचं ते घेऊन सन्मानाने घरी. त्यांनी कढईकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. “अजून परिस्थिती पिकलेली नाही,” म्हणाले.

“परिस्थिती पिकेपर्यंत आम्ही शिजून निघू की!”

“टकलू वकील पण वाट बघत थांबला होता.”

“तो परदेशात थांबला होता, चाचा! आणि तुमच्या त्या रशियाचं काय सांगता? काल रेडिओवर ऐकलं, तिथे आता परत पावासाठी रांगा लागल्यात.”

“रांग आहे म्हणजे शेवटी पाव असणार,” चाचा फटकन म्हणाले. मेसमध्ये हशा पिकला. पण मी जवळ होतो, मी पाहिलं, ते स्वतः हसले नाहीत. त्यांनी पळी खाली ठेवली. रांगेचा अर्थ त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळत होता. एका रांगेने खोत गेला होता. मग ते स्वतःशीच बोलल्यासारखं पुटपुटले, “तिथे पण आता वरच्यांना भूक लागेनाशी झाली वाटतं.” आणि कांदा चिरायला बसले. सावंत वरमला. त्या दिवशी चाचांना कोणी छेडलं नाही.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनी मला आणि सावंतला किचनमध्ये बोलावलं. “ठरलं,” म्हणाले. ओदेसाच्या म्हाताऱ्याने सांगितलेली आणखी एक हकीकत त्यांना आठवली होती. झारच्या राज्याला पहिला तडा तिथल्याच समुद्रावर गेला. एका लढाऊ जहाजावर खलाशांना किडलेलं मांस वाढलं, जहाजाच्या डॉक्टरने ते बघून चांगलं आहे म्हणून सांगितलं, आणि खलाशी उठले. “बंड मागण्यांतनं होत नाही रे. ताटातनं होतं.” मग बेत सांगितला, आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला ते भलतेच धोरणी वाटले. कँपात काम बंद करणं गुन्हा, जमाव करणं गुन्हा; पण जेवणाबद्दल तक्रार करणं हा आमचा मान्य केलेला हक्क होता. नियमच असा होता की अख्खी मेस जेवणावर उठली तर मुदीरने स्वतः येऊन चव बघायची. तेव्हा शुक्रवारी चाचा जन्मातलं सर्वांत वाईट मटण करणार. पहिला घास घेऊन सावंत ताट आपटणार. कोणी जेवणार नाही. मी फोन करणार, मुदीर येणार, तीनशे उपाशी माणसांच्या मधोमध उभा राहणार, आणि तिथे मी मास्क नसलेल्यांची यादी त्याच्या हातात ठेवणार. जमाव नाही, संप नाही. नुसतं जेवण बिघडलं!

“पण चाचा,” सावंत म्हणाला, “जेवण बिघडलं तर तुमच्यावर येईल.”

“मग काय तुझ्यावर यायला पाहिजे? तुला कांदा तरी चिरता येतो का?”

मी यादीला लागलो. टाइमकीपरची यादी म्हणजे काय, कार्डांचा गठ्ठा पुढ्यात घ्यायचा आणि एकेक नाव उतरवायचं. सुतार, वेल्डर, ड्रायव्हर, झाडूवाले, किचनमधले भांडी धुणारे दोघे. सगळे मिळून तीनशे अकरा. अक्षर इतकं सुंदर काढलं की शाळेच्या गुरुजींनी पाठ थोपटली असती.

शुक्रवार उजाडला. क्रांतीची सुरुवात आपल्या डोळ्यांनी बघावी म्हणून मी सकाळीच किचनमध्ये जाऊन बसलो. चाचांनी कांदा जाळायचं ठरवलं होतं. कांदा सोनेरी झाला, तांबूस झाला. आता एक मिनिट, की काळा पडणार. चाचांनी डोळे मिटले. नाकपुड्या थरथरल्या. आणि त्यांचा हात आपोआप पुढे गेला आणि कढई उतरली! “पुढच्या घाण्याला जाळू,” म्हणाले. मग मटण अर्धकच्चं ठेवायचं होतं. ऑस्ट्रेलियाहून आलेलं गोठलेलं मटण, दगडासारखं. ते कच्चं ठेवायला काही कौशल्य लागत नव्हतं. पण ते त्या मटणाशी बोलायला लागले. “काय रे बाबा, केवढ्या लांबनं आलास, आणि असा ताठ?” झाकणावर पाणी ठेवलं, आच कमी केली. मी म्हटलं, “चाचा, बेत!” तर म्हणाले, “कच्चं मटण खाऊन कोणाच्या पोटात दुखलं तर? मीठ जास्त घालू की शेवटी.” शेवटी मिठाची मूठ भरली, पातेल्यावर धरली, आणि ती मूठ तशीच हवेत राहिली. कपाळावर घाम. मी लढाईच्या दिवसांत पुष्कळ भ्यालेली माणसं पाहिली, पण तेवढा कासावीस माणूस पाहिला नाही. त्यांनी मूठ परत डब्यात उघडली. मग त्यांना त्या मटणाची दया आली असावी, किंवा स्वतःची. खोलीत जाऊन ट्रंक उघडली, घरून बीबीने करून दिलेला मसाला आणला, सुकं खोबरं आणलं, आमसुलं आणली. “थोडंच घालतो,” म्हणाले. सगळं घातलं.

आता कल्पना करा. तीनशे माणसं क्रांती करायला बसलीत. समोर ताट येतं. ताटातून कोकणचा वास येतो! तीन महिने घरचं पत्र नाही, विमानं बंद, कोणाला उद्याची खात्री नाही, आणि ताटात आईच्या हातचा रस्सा. सावंतने पहिला घास घेतला. सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. त्याने ताट आपटलं खरं. “चाचा, रस्सा!” म्हणून ओरडला. तिथे क्रांती संपली. पुढचा अर्धा तास मेसमध्ये चमच्यांशिवाय आवाज नव्हता.

घोळ एवढाच की मी ठरल्याप्रमाणे मुदीरला आधीच फोन केला होता. जेवणावरून दंगा चाललाय, लवकर या, असं सांगून. तो धावत आला, दार उघडलं आणि दारातच थबकला. तीनशे माणसं माना खाली घालून चिडीचूप. अशी शांतता त्याने या मेसमध्ये कधी पाहिली नव्हती. हे आता एकदम उठणार, अशी त्याची खात्री झाली असावी. रुमाल हातात घट्ट धरून त्याने विचारलं, “मुश्किल क्या है?”

चाचा पुढे झाले. हातातली पळी त्यांनी लुंगीला पुसली. “साब,” म्हणाले, “चखो.”

मुदीर बाकाच्या टोकाला बसला. ताटात तीन तुकडे पडले. त्याने पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आणि रेशमी रुमाल गळ्याला बांधला. मी खिशातली यादी चाचपली, ती घामाने भिजली होती. काय म्हणून द्यायची? मटण फार छान झालंय म्हणून आम्हाला मास्क द्या?

आणि भोंगा वाजला.

भरदुपारी, आकाश फाडल्यासारखा. बाकं सरकली, माणसं टेबलांखाली गेली. चाचांनी भांडी पुसायच्या फडक्यांची बादली भरून ठेवलेलीच असायची; ती घेऊन ते टेबलांमधून फिरायला लागले, एकेकाच्या हातात ओलं फडकं. तेवढ्यात मुदीरचा ड्रायव्हर गाडीतून त्याचा मास्क घेऊन धावत आला. मुदीरने तो चढवला. दोन काचेचे डोळे, पुढे डबा. गळ्याला रुमाल, समोर अर्धं ताट. टेबलांखालून सहाशे डोळे त्याच्याकडे बघत होते, नाकांवर फडकी.

चाचा त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. ते टेबलाखाली गेले नाहीत. एकदा खाली गेले की गुडघे वर येऊ देत नसत. एका हातात बादली, दुसऱ्या हातात पळी. वाढप्याच्या सवयीने, अगदी सरळपणाने त्यांनी विचारलं, “साब, और रस्सा?”

देवाशपथ सांगतो, त्यात टोमणा नव्हता. पुढे मी त्यांना दहा वेळा विचारलं. “ताट अर्धं होतं रे त्याचं,” हेच त्यांचं उत्तर. पण त्या क्षणी तो प्रश्न असा काही ऐकू आला की काचेमागचे डोळे एकदा पळीकडे, एकदा आमच्याकडे आणि एकदा ताटाकडे फिरले. मास्क लावून रस्सा खाता येत नाही. मास्क काढला तर तो आमच्यासारखा. मुदीरने ताट जरा पुढे सरकवलं, परत जवळ ओढलं. मग त्याने हळूच मास्क काढला आणि मांडीवर ठेवला. आता ह्याचं काय करावं हे न कळल्यासारखा. चाचांनी बादलीतून एक फडकं पिळलं आणि त्याच्या हातात दिलं. “लो साब. सबका बराबर है.”

थोड्या वेळाने धोका टळल्याचा भोंगा झाला. कुठे काही पडलं नव्हतं. मी टेबलाखालून निघालो तो थेट त्याच्यासमोर, आणि भिजलेली यादी पुढे केली. फडकं नाकावर तसंच धरून त्याने ती पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत वाचली, घडी करून खिशात ठेवली, आणि मग ताट पुढे करून म्हणाला, “हां, और थोडा.”

आठव्या दिवशी दम्मामहून ट्रक आला. तीनशे अकरा पेट्या, यादी हातात घेऊन मीच वाटल्या. सावंतने चाचांना खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला, पण चाचा भडकले होते. “उतरव मला! हिला क्रांती म्हणतात? क्रांतीत माणसं ताट सोडून उठतात. तुम्ही मेल्यांनो तीन तीनदा रस्सा घेतलात!” त्यांना त्याचं खरंच दुःख होतं. आणि थोडा अभिमानही, तो पळी धुताना दिसला. त्यानंतर महिनाभर भोंगे वाजत राहिले. आम्ही मास्क चढवून खोल्यांत बसायचो, एकमेकांचे फोटो काढायचो. चाचा भोंगा झाला की किचनमध्ये जाऊन दार लावून घेत. डाळ लागेल म्हणायचे. आम्हाला ती त्यांची आणखी एक लहर वाटली.

लढाई संपली. उत्तरेकडून पेटलेल्या विहिरींचा काळा धूर यायला लागला, वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसू लागली, आणि हेड ऑफिसने मास्क परत मागवले. चाचा त्याच उन्हाळ्यात कायमचे घरी गेले. वर्ष संपायच्या आत रशियातला लाल बावटाही उतरला. तेव्हा त्यांना काय वाटलं, हे मी पत्र लिहून विचारणार होतो. लिहिलं नाही. रशियाचा विषय निघाला की मला अजूनही मास्क परत घेतले ती सकाळ आठवते आणि पेन खाली राहतं.

यादीवर खुणा करत मी तीनशे अकरा पेट्या मोजून घेतल्या. सगळ्या आल्या. काम संपल्याच्या आनंदात किचनकडे गेलो आणि म्हटलं, “चाचा, तुमचा मास्क?”

“माझा कुठला?” डाळ ढवळता ढवळता ते म्हणाले.

मी यादी पुन्हा पाहिली. पुन्हा पाहिली. यादी कार्डांवरून केली होती. माझं टाइम ऑफिस सकाळी सहाला उघडे आणि चाचा पहाटेच चुलीपाशी येत. अठरा वर्षांत त्यांचं कार्ड कोणी काढलंच नव्हतं. ज्यांनी तीनशे अकरा मास्क आणवले, त्यांचं नाव माझ्या सुंदर अक्षरात नव्हतं. त्या महिन्यातले सगळे भोंगे एकदम माझ्या कानात वाजले.

“चाचा, बोलला का नाहीत? मी लगेच…”

“काय लगेच? एकासाठी परत ट्रक येणार होता? आणि त्या मुदीरला काय सांगितलं असतंस, टायमकीपरला मोजता येत नाही म्हणून?” त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आवाज मऊ केला. “जाऊ दे रे. तसल्या थोबाडाने मला चव कशी घेता आली असती? दाखव बघू, कसा असतो तो.”

मी माझी पेटी आणून त्यातला मास्क काढून दिला. त्यांनी तो चढवला, पट्टे डोक्यामागे ओढले, डाळीच्या पातेल्यावरचं झाकण उचललं आणि चेहरा वाफेत धरला. बराच वेळ धरला. मग मास्क काढला. काचांवर वाफ बसली होती, आणि त्यांचा चेहरा असा झाला होता की जणू मीच काहीतरी भोगून आलोय.

“अरे, यात तर कशाचाच वास येत नाही. हळद नाही, हिंग नाही, काही नाही,” ते म्हणाले. “महिनाभर तुम्ही पोरं असे बसत होता?”

मास्क माझ्या हातात देऊन ते डाळीकडे वळले, अंदाजाने मीठ टाकलं आणि चव न घेताच झाकण ठेवलं. चाचांना मास्कच मिळाला नव्हता हे मी बाहेर येऊन सावंतला सांगितलं, आणि जेवणाच्या वेळेपर्यंत ते कँपभर झालं. त्या दुपारी डाळ चांगलीच खारट झाली होती. तीनशे माणसांनी ती मुकाट्याने खाल्ली. सावंतने तर दुसऱ्यांदा मागितली.